विषय लहान करायचा म्हणजे नेमकं काय लहान करायचं?

तुमची अडचण मला समजली ती अशी. समाजशास्त्राच्या एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी तुम्ही ‘घरून काम आणि स्त्रिया’ हा विषय घेऊन गेलात. मार्गदर्शकांनी ‘फार व्यापक आहे, मर्यादित करा’ असं सांगून परत पाठवलं. मग तुम्ही तो ‘एका विमा कंपनीच्या एका कार्यालयातील, तिशीतल्या, विवाहित, लहान मूल असलेल्या स्त्री कर्मचाऱ्यांचा घरून काम करण्याचा अनुभव’ इथपर्यंत आणलात. आता संदर्भ शोधायला बसलात तर काहीच हाती लागत नाही, आणि मार्गदर्शक विचारताहेत, ‘यातून कळणार काय?’ या दोन टोकांच्या मधला बरोबर आकार कोणता, हे तुम्हाला हवं आहे.

लघुप्रबंध आणि पीएच.डी. दोन्हींचं मार्गदर्शन करताना माझ्याकडे ही अडचण घेऊन येणारे विद्यार्थी सतत असतात, म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते. तुमच्या दोन्ही शीर्षकांची गडबड आकारात नाही. दोन्हींमध्ये प्रश्नच नाही. पहिल्यात एक क्षेत्र आहे, दुसऱ्यात माणसांचा एक गट आहे. क्षेत्राला कितीही कात्री लावली तरी त्यातून प्रश्न बाहेर पडत नाही, नुसतं छोटं क्षेत्र उरतं. आणि प्रश्न ठरल्याशिवाय विषय मोठा की छोटा हे कुणालाच सांगता येणार नाही. शीर्षकात किती शब्द आहेत यावर विषयाचा आकार ठरत नसतो. उत्तर देण्यासाठी किती पुरावा गोळा करावा लागेल, आणि तो तुमच्या हाताला लागणार आहे का, यावर तो ठरतो.

‘मर्यादित करा’ असं ऐकलं की बहुतेक जण शीर्षकाला विशेषणं जोडायला लागतात. वय, लिंग, ठिकाण, वर्ष. प्रत्येक विशेषणामुळे लोक कमी होत जातात, आणि त्याबरोबर विषयातला अर्थही गळत जातो. मी माझ्या विद्यार्थ्यांना उलटं सांगते: पुरावा लहान करा, प्रश्न मोठाच राहू द्या.

याचं एक उदाहरण जरा बारकाईने पाहू, कारण ते तुमच्याच विषयातलं आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीट्रिप या चिनी पर्यटन कंपनीत घरून काम करण्याचा प्रयोग केला. त्यावरचा शोधनिबंध २०१५ साली प्रसिद्ध झाला. जागा एकच, कंपनीचं कॉल सेंटर. काळ नऊ महिने. ज्यांनी घरून काम करायची तयारी दाखवली त्यांच्यातल्या पात्र कर्मचाऱ्यांचे जन्मतारखेवरून दोन गट पाडले: सम तारखेवाले घरी, विषम तारखेवाले कार्यालयात. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. ही वाढ आली कुठून, हेही त्यांनी वेगळं काढून दाखवलं. त्यातला सुमारे ९ टक्क्यांचा भाग प्रत्यक्ष कामाची मिनिटं वाढल्यामुळे होता, कारण मधल्या विश्रांत्या आणि आजारपणाच्या रजा कमी झाल्या होत्या. उरलेला ४ टक्क्यांचा भाग दर मिनिटाला जास्त कॉल हाताळल्यामुळे होता. नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. मात्र कामगिरीच्या मानाने पाहिलं तर घरी बसलेल्यांना बढत्या कमी मिळाल्या.

यात लहान काय होतं? कंपनी, विभाग, कामाचा प्रकार, कालावधी. सगळंच. आणि मोठं काय राहिलं? डोक्यावर साहेब नसला तर माणूस काम टाळतो का, हा प्रश्न. तो कुठल्याही मालकाला आणि कुठल्याही नोकरदाराला पडणारा आहे. म्हणूनच एका कंपनीच्या एका विभागातला हा अभ्यास घरून कामावर लिहिणारे आजही उद्धृत करतात. कॉल सेंटरच का? कारण तिथे कामाची मोजदाद आपोआप होत असते, म्हणजे प्रश्नाला लागणारा पुरावा तयारच मिळतो. जागा लहान करायला अडचण नाही, पण ती अशा कारणासाठी करावी.

आता त्यातला बढतीचा निष्कर्ष तुमच्या विमा कंपनीत आणून ठेवा. नजरेआड असलेला माणूस बढतीच्या वेळी विसरला जातो का? मग घरून काम करणाऱ्या स्त्रिया वरिष्ठांच्या नजरेत राहण्यासाठी काय काय करतात? रात्री उशिरा ईमेलला उत्तर देणं, प्रत्येक बैठकीत कॅमेरा चालू ठेवणं, कुणी न सांगता जास्तीचं काम अंगावर घेणं? आणि हा वेळ दिवसाच्या कुठल्या भागातून काढला जातो? हा प्रश्न एका कार्यालयात बसून, मोजक्या मुलाखतींवर सोडवता येतो. तरीही त्याच्या उत्तरात त्या कार्यालयाबाहेरच्या लोकांनाही रस वाटेल. तुम्ही हाच प्रश्न घ्या असं मी म्हणत नाही. ‘अनुभव’ या मोघम शब्दाच्या जागी काहीतरी घडताना दिसलं पाहिजे, एवढंच मला यातून दाखवायचं आहे.

विषयावर नेमकी कुठे बंधनं घातली आहेत हे तपासायला मी ग्रंथालयशास्त्रातलं एक साधन वापरते. एस. आर. रंगनाथन यांची कोलन वर्गीकरण पद्धती १९३३ साली प्रसिद्ध झाली. पुढे त्यांनी त्यात कुठल्याही विषयाची पाच मूलभूत अंगं मांडली: व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थल आणि काल. त्यांनी ती पुस्तकांच्या वर्गीकरणासाठी वापरली. आपल्या कामापुरता त्यांचा सैल अर्थ घ्यायचा: कोण, त्यातला कुठला पैलू, काय घडतंय, कुठे आणि केव्हा. कागदावर पाच रकाने आखा आणि तुमचं दुसरं शीर्षक त्यांत बसवून पाहा. ‘कोण’च्या रकान्यात चार बंधनं आहेत: स्त्री, तिशी, विवाहित, लहान मूल. ‘कुठे’मध्ये दोन: एक कंपनी, तिचं एक कार्यालय. ‘पैलू’ रिकामा, ‘काय घडतंय’ रिकामा, ‘केव्हा’ही रिकामा. म्हणजे बहुतेक ताणाताणी एकाच रकान्यात झाली आहे. विषय मर्यादित करण्याची खरी जागा बहुतेक वेळा ‘पैलू’ आणि ‘काय घडतंय’ या दोन रकान्यांत असते. तिथे एक नेमकी गोष्ट लिहिली, की ‘कोण’मधली निम्मी बंधनं काढून टाकली तरी विषय आटोक्यात राहतो.

ती काढलीच पाहिजेत, असं मी आग्रहाने म्हणेन. तुम्ही सगळ्या विवाहित, सगळ्या लहान मुलांच्या आया निवडल्यात. त्यांनी सांगितलं की संध्याकाळी पाच ते आठ या वेळात काम होत नाही. हे मुलामुळे होतं की घरून काम केल्यामुळे? मूल नसलेली एकही बाई तुमच्या नमुन्यात नसेल, तर हे सांगायला तुमच्याकडे काही आधार उरत नाही. सगळे एकसारखे निवडले की तुलना संपते आणि तुलना संपली की कारण शोधण्याचा मार्ग बंद होतो. म्हणून ‘लहान मूल असलेल्या’ काढा आणि ‘मूल असलेल्या आणि नसलेल्या’ असे दोन गट ठेवा. शीर्षक रुंद झालं, मुलाखतींची संख्या मात्र तेवढीच राहिली, आणि अभ्यासात जीव आला. तुमच्या मार्गदर्शकांच्या ‘कळणार काय’ या प्रश्नाचं मोठं उत्तर इथेच आहे.

तुलनेची ताकद पाहायची असेल तर लंडनच्या १८५४ च्या कॉलऱ्याचा डॉक्टर जॉन स्नो यांनी केलेला अभ्यास पाहा. कॉलरा कसा पसरतो, हा प्रश्न अफाट. त्यांनी पुरावा शोधला तो दक्षिण लंडनमधल्या अशा वस्त्यांत, जिथे दोन खासगी कंपन्यांचे नळ एकाच रस्त्यावरून जात होते. लॅम्बेथ कंपनीने १८५२ साली आपलं पाणी नदीच्या वरच्या, स्वच्छ भागातून घ्यायला सुरुवात केली होती. साउथवर्क अँड वॉक्सहॉल कंपनी शहरातल्या गटारांनी दूषित झालेलं पाणीच देत होती. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत दर १०,००० घरांमागे दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकांत ३१५ मृत्यू झाले, लॅम्बेथच्या ग्राहकांत ३७. वस्ती तीच, हवा तीच, गरिबी-श्रीमंतीची सरमिसळही सारखीच. फरक पाण्याचा. स्नो यांनी फक्त एकाच कंपनीची घरं पाहिली असती तर विषय आणखी ‘मर्यादित’ झाला असता, पण त्यातून काहीच सिद्ध झालं नसतं.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. तुलना हवी म्हणून गट वाढवत गेलात की आकडे विरळ होतात. समजा तुम्ही ६० जणींना प्रश्नावली दिलीत. मूल आहे-नाही असे दोन गट, वयाचे तीन, पदाचे दोन. झाले बारा कप्पे, आणि एका कप्प्यात सरासरी पाच जणी. पाच जणींच्या उत्तरांवरून टक्केवारी काढून ‘चाळीस टक्के स्त्रियांना वाटते’ असं लिहिलेले लघुप्रबंध मी वाचले आहेत. ते चाळीस टक्के म्हणजे दोघी असतात. प्रश्नाला खरोखर लागणारी एकच तुलना ठरवा. बाकीची माहिती जरूर नोंदवा, पण तिच्यावर निष्कर्ष उभारू नका.

संदर्भ सापडत नाहीत, या तुमच्या दुसऱ्या तक्रारीकडे वळते. पाच विशेषणं एकत्र टाकून शोध घेतला तर काही सापडणार नाहीच. तुमच्या नेमक्या विषयावर आधीच लेखन असतं तर तो अभ्यास पुन्हा करायचं कारणच उरलं नसतं. संदर्भ सापडतात ते विषयाच्या सुट्या तुकड्यांवर, आणि त्यांना जोडणं हे तुमचं काम. वरचा बढतीचा प्रश्न घेतला तर तीन वेगळे ढीग लागतील: घरून काम आणि कामगिरी यावरचं लेखन, बढतीतल्या लिंगभेदावरचं लेखन, आणि घरातल्या वेळवाटपावरचं लेखन. प्रत्येक ढिगातले सात-आठ चांगले लेख नीट वाचलेत तर एम.ए.चा साहित्य आढावा उभा राहतो.

शोधताना एकाच शब्दावर अडून राहू नका. इंग्रजीतले ‘टेलिकम्युटिंग’ आणि ‘टेलिवर्क’ हे शब्द जॅक नाइल्स यांनी १९७३ साली वापरात आणले. तुम्ही फक्त ‘वर्क फ्रॉम होम’ टाकत असाल तर अनेक दशकांचं लेखन तुमच्या नजरेतून निसटतं. ‘रिमोट वर्क’ हा शब्द वेगळा, आणि ‘होम-बेस्ड वर्क’ तर सर्वस्वी वेगळ्या लोकांकडे नेतो: घरी बसून शिवणकाम, पॅकिंग, जोडणी अशी नगावर पैसे मिळणारी कामं करणाऱ्या स्त्रियांकडे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ साली घरून काम करणाऱ्यांबाबत १७७ क्रमांकाचा करार स्वीकारला, तो मुख्यतः याच कामगारांचा विचार करून. लॅपटॉपवर काम करणारी विमा कर्मचारी आणि घरी नगावर काम करणारी बाई यांच्यात देखरेख, मजुरी आणि घरकामाची गुंतागुंत याबाबत साम्य किती, फरक किती, हा धागा तुमच्या प्रस्तावनेत आला तर ती एकदम समृद्ध होईल. शोधचौकटीत समानार्थी शब्द ‘ऑर’ने जोडा आणि वेगवेगळी अंगं ‘अँड’ने. निकाल फार कमी आले तर आधी स्थळाचं अंग काढा, मग वयाचं. फार आले तर ‘काय घडतंय’चा शब्द घाला. एक कामाचा लेख सापडला की त्याची संदर्भसूची मागे मागे वाचत जा, आणि त्या लेखाला नंतर कुणी उद्धृत केलं ते पुढे पाहा. कुणाला कुणी उद्धृत केलं याची नोंद ठेवणाऱ्या, यूजीन गारफिल्ड यांच्या सायन्स सायटेशन इंडेक्स या सूचीने १९६४ पासून हा पुढे जाणारा रस्ता मोकळा केला. आज तो गुगल स्कॉलरवर एका टिचकीत मिळतो, तरी विद्यार्थी तो फारच कमी वापरतात.

विषय रुंद करायचा असतो तेव्हाही हेच तत्त्व. माणसं वाढवणं हा सगळ्यात महागडा मार्ग आहे. त्याऐवजी संकल्पनेने वर चढा. ‘विमा कार्यालयातली घरून कामाची सवलत’ हे ज्या मोठ्या गोष्टीचं उदाहरण आहे, तिचं नाव शोधा. देखरेख? अदृश्य श्रम? नोकरीनंतर घरी सुरू होणारी स्त्रियांची ‘दुसरी पाळी’? जी संकल्पना निवडाल ती वेगवेगळे लेख आणि वेगळ्याच मुलाखती मागेल, म्हणून एकच निवडा.

एवढं सांगून झाल्यावर, यातलं बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे हे स्पष्ट करायला हवं. विद्याशाखेचा प्रश्न सर्वात आधी येतो. वैद्यकात प्रश्न बांधण्याची पायको ही चौकट रुळलेली आहे: रुग्ण कोण, उपचार कोणता, तुलना कशाशी, निष्पत्ती कोणती. तिथे चारही रकाने आधीच बंदिस्त लागतात. इतिहासात कागदपत्रं जिथे संपतात तिथे विषय संपतो, म्हणून दफ्तरखान्यात जाऊन आल्याशिवाय विषय पक्का करूच नये. मानवशास्त्रात प्रत्यक्ष लोकांमध्ये जाऊन काम सुरू केल्यावर प्रश्न बदलणं अपेक्षितच असतं. पीएच.डी.ला तुमच्या प्रश्नाच्या तीन बाजू तीन प्रकरणं म्हणून घेता येतील. एम.ए.ला एकच घ्या.

तुमच्या बाबतीत सर्वात नाजूक गोष्ट परवानगीची आहे. त्या कंपनीने मुलाखतींना नकार दिला, किंवा वरिष्ठांमार्फतच मुलाखती घ्या अशी अट घातली, तर बढतीबद्दल कुणीही मोकळेपणाने बोलणार नाही. हे आजच विचारून घ्या, आराखडा मंजूर झाल्यावर नको. नकार आला तर कंपनीचं बंधन सोडून द्या आणि ओळखीतून ओळख काढत वेगवेगळ्या कार्यालयांतल्या स्त्रिया गाठा. तुमचा प्रश्न ‘काय घडतंय’वर उभा असेल तर जागा बदलली तरी तो टिकतो. तो फक्त त्या कार्यालयावर उभा असेल तर एका नकाराने लघुप्रबंध कोसळतो. आणि दोन-तीन जणींनाच ओळखता येईल इतकं छोटं कार्यालय असेल तर नावं बदलूनही त्यांची ओळख लपणार नाही. अशा वेळी विषय रुंद करणं ही नैतिक गरजही असते.

आराखडा लिहिण्याआधी माझ्या विद्यार्थ्यांकडून मी एक गोष्ट करवून घेते: निष्कर्षाचा रिकामा तक्ता. माहिती गोळा करण्याआधीच तो आखायचा. तुमच्यासाठी डावीकडे मूल असलेल्या आणि नसलेल्या असे दोन गट. वर रकाने: कामाच्या ठरलेल्या वेळेबाहेर दिलेली उत्तरं, कॅमेऱ्याबद्दलचा आग्रह, मागून घेतलेलं जास्तीचं काम, वरिष्ठांशी थेट बोलणं, आणि हा वेळ कुठून काढला. मग प्रत्येक चौकटीवर बोट ठेवून विचारायचं, ही भरायला मी कुणाला काय विचारणार? ज्या चौकटीचं उत्तर ‘बघू नंतर’ असं येतं, ती काढून टाका. तक्ता एका पानात मावत नसेल तर विषय मोठा आहे. तक्त्यात एकच ओळ उरली असेल तर तुलना हरवली आहे. शेवटी स्वतःला विचारा: दोन्ही गट अगदी सारखे निघाले तर? त्या उत्तरातूनही काही कळत असेल, उदाहरणार्थ नजरेत राहण्याची धडपड मुलाबाळांवर अवलंबून नाही, घरून काम करणाऱ्या प्रत्येकीला ती करावी लागते, तर प्रश्न चांगला आहे. एकच उत्तर आलं तरच अभ्यासाला अर्थ आहे असं वाटत असेल, तर तुम्ही उत्तर आधीच ठरवून निघाला आहात.

मार्गदर्शकांकडे परत जाताना नवं शीर्षक घेऊन जाऊ नका. एका पानावर तीन गोष्टी न्या: प्रश्न एका वाक्यात, तो रिकामा तक्ता, आणि आधीच्या लेखनातले तुमच्या प्रश्नाला सर्वात जवळचे चार-पाच लेख, प्रत्येकापुढे ‘यात हे सापडलं, हे राहिलं’ अशी एक ओळ. ‘विषय छोटा आहे का मोठा’ असं विचारलंत तर त्यांच्याकडून अंदाज मिळेल. ‘हा तक्ता भरायला माझ्या वेळात पंधरा-वीस मुलाखती पुरतील का’ असं विचारलंत तर नेमका सल्ला मिळेल.

शीर्षकाची नोंदणी करताना ते प्रश्नापेक्षा किंचित सैल ठेवा. कंपनीचं नाव, मुलाखतींची संख्या, वयोगट हे तपशील शीर्षकात घालू नका, ते कार्यपद्धतीच्या प्रकरणात येतात. मंजूर शीर्षक बदलायचं तर पुन्हा समितीपुढे जावं लागतं आणि त्यात वेळ जातो. ‘घरून काम, दृश्यता आणि बढती: स्त्री कर्मचाऱ्यांचा अभ्यास’ असं काहीसं ठेवलंत, तर उद्या विमा कंपनीने दार बंद केलं तरी तुम्हाला दुसऱ्या कार्यालयात जाऊन काम पुरं करता येईल.